लिस्बन-पोर्तोचं हॉटेल बुक करण्याआधी

बाय,

तुझा मेसेज वाचला. लिस्बन आणि पोर्तो, आठ रात्री, सोबत आई-बाबा, आणि खाली एकवीस हॉटेलांच्या लिंक. काल रात्री बसून सगळ्या उघडून बघितल्या. फोनवर निम्मं राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे त्यातली चौदा हॉटेलं आताच काढून टाक. हॉटेलं चांगली आहेत, पण तुझ्या आईच्या गुडघ्यांना ती झेपायची नाहीत. तू स्टार, रेटिंग आणि रेट बघून यादी केलीस, सगळेच तसं करतात, पण मी पणजीत रिसेप्शनवर सव्वीस वर्षं काढली आणि पाहुणा स्टार कमी पडला म्हणून चिडलेला क्वचितच बघितला, तो चिडायचा कारण टॅक्सी सोडते तिथून खोलीच्या दारापर्यंत काय काय आहे ते त्याला कोणी सांगितलेलंच नसायचं. ते शेवटचे दोनशे मीटर आधी बघायचे, बाकी सगळं नंतर.

लिस्बन डोंगरावरचं शहर आहे, सात टेकड्या म्हणतात. फोटोत जी सगळ्यात सुंदर दिसते, बारीक गल्ल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, ती अल्फामा, आणि तुझी सहा हॉटेलं तिथंच आहेत. आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तिथंच फ्लॅट घेतला होता, जाहिरातीत 'मध्यवर्ती' लिहिलेलं, आणि नकाशावर तो होताही मध्यवर्ती. टॅक्सीवाल्याने खाली चौकात उतरवलं आणि हाताने वर दाखवलं. पुढे नुसत्या पायऱ्या, आपल्या पणजीतून आल्तिनोची टेकडी चढावी तशा, पण हातात दोन मोठ्या बॅगा आणि वरून पाऊस. तिथल्या फुटपाथला पांढऱ्या चुनखडीचे छोटे छोटे दगड बसवलेले असतात, दिसायला फार देखणे, पण वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेले आणि ओले झाले की साबणासारखे. बॅगेचं एक चाक त्या दगडांत अडकून निघालंच. वर पोचलो तर फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. काकी दोन दिवस पाय शेकत बसली, आठ दिवसांतले दोन दिवस. अल्फामा बघायला जरूर जा, सकाळी आठला जा, पण झोपायला जाऊ नकोस.

तुमच्यासाठी बायशा बरं, म्हणजे टेकड्यांच्या मधलं खालचं लिस्बन. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात हा सगळा भाग जमीनदोस्त झाला आणि नंतर राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, त्याने तो नव्याने आखून बांधून घेतला, म्हणून तिथले रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात आणि मुख्य म्हणजे सपाट. चालत नदीपर्यंत जाता येतं. वरच्या शियादुत जायचं तर चढायची गरज नाही, बायशा-शियादु मेट्रो स्टेशनला एक दार खाली आहे आणि एक वर, मधे लांबच्या लांब एस्कलेटर, तो बंद नाही ना तेवढं बघायचं. बायशात खोली महाग वाटली तर मेट्रोच्या लाल लाइनवर बघ, ती लाइन थेट एअरपोर्टला जाते.

आता उरलेली सात कशी तपासायची ते सांगतो. नकाशात हॉटेलच्या दारासमोर उभं राहा, स्ट्रीट व्ह्यूमध्ये, आणि दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलं चालून बघ, पायऱ्या, चढ, खाली बार आहे का, गाडी दारापर्यंत येते का. मग रिव्ह्यू. दहापैकी दहावाले आणि एकवाले दोन्ही सोड, सहा-सात दिलेले वाच, नवीन आधी लावून, आणि त्यात लिफ्ट, पायऱ्या, आवाज हे शब्द शोध. खोलीचे फोटो रुंद लेन्सने काढलेले असतात, म्हणून खोली किती स्क्वेअर मीटर ते बघायचं, दोघांना पंधरापेक्षा कमी असेल तर उघडलेली बॅग ठेवायला जागा मिळत नाही. बिछाना एक मोठा की दोन वेगळे तेही स्पष्ट विचार, आई-बाबांना दोन वेगळे लागतात हे तूच मला एकदा सांगितलेलंस.

आणि हॉटेलला मेल कर. हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, लिफ्टच्या आधी किती पायऱ्या, बाथरूममध्ये टब आहे की उभं राहायचा शॉवर, एवढंच विचार. टबची कड ओलांडणं गुडघेदुखीवाल्याला किती जड जातं ते घरात असं माणूस असल्याशिवाय कळत नाही. सकाळी अकरानंतर चेकआउट झाले की मी त्या दिवशीच्या पाहुण्यांची यादी घेऊन बसायचो आणि पेन्सिलने खोल्या वाटायचो, ज्यांनी साधं दोन ओळींचं पत्र पाठवलेलं असायचं, आईला चालायला त्रास होतो वगैरे, त्यांच्या नावासमोर आधी खोली लिहायचो, लिफ्टजवळची, जनरेटरपासून लांबची. बाकीच्यांना उरलेली. तिथेही माणसंच बसलेली असतात. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर ते हॉटेल सोड.

रेट बघताना सिटी टॅक्स वेगळा धर, तो बुकिंगच्या आकड्यात बहुतेक वेळा नसतो आणि काउंटरवर मागतात. लिस्बनला माणशी रात्रीला 4 युरो, पोर्तोला 3. तुम्ही तिघं, लिस्बनला पाच आणि पोर्तोला तीन रात्री धरल्या तर 60 आणि 27, म्हणजे 87 युरो. बाबांना हा आकडा आधीच सांग, तिथं काउंटरवर उभं राहून वाद नको.

तारीख अजून पक्की केली नसशील तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट बघ. जून लिहिलायस पण जूनमध्ये 12-13 ला लिस्बनला सांत आंतोनचं फेस्त आणि 23 च्या रात्री पोर्तोत साव जुआंव, आपला सांजावच तो, इथं विहिरीत उड्या मारतात आणि तिथं रात्रभर रस्त्यावर एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात. बघण्यासारखं आहे, पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि पहाटेपर्यंत झोप नाही. आई-बाबांना घेऊन नको.

पोर्तोत तू नदीकाठचं रिबेरा धरलंयस, सगळे तेच धरतात. रिबेरा खाली आहे आणि शहर वर, दिवसातून दोनदा तो चढ चढावा लागेल. अलियादोस किंवा त्रिंदादच्या आसपास घे, एअरपोर्टची मेट्रो त्रिंदादला येते. दों लुईस पूल 1886 चा, त्याच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते, संध्याकाळी ती पकडून नदीपलीकडे गाया शहराच्या बाजूला जार्दीं दु मोर्रुला उतरा आणि बागेत बसा, नदी, पूल, समोरची घरं सगळं बसल्या जागेवरून दिसतं.

लिस्बनहून पोर्तो ट्रेननेच, साधारण तीन तास. तिकीट लवकर काढलं की स्वस्त पडतं, आणि बाबा पासष्टच्या वर आहेत ना, त्यांना अर्धं तिकीट, पासपोर्ट हाताशी ठेवायचा. ट्रेन कांपान्यांला थांबते, तिथून लोकलने एकच स्टेशन पुढे साव बेंतु. बॅगा बाबांकडे देऊन तिथल्या हॉलमध्ये आईला उभी कर. चारी भिंतींवर निळ्या टाइल्स, वीस हजारांच्या आसपास, लढाया, मिरवणुका, शेतातली कामं, सगळं जॉर्ज कोलासोने रंगवलेलं. पणजीत इन्स्टिट्यूट मेनेझिस ब्रागांझाच्या दारात ज्या निळ्या टाइल्स आहेत, 1935 च्या, त्याही त्याच्याच हातच्या. जायच्या आधी एकदा आईला पणजीला नेऊन त्या दाखव. मी काकीला दाखवल्या नव्हत्या, नंतर दाखवल्या, त्याची मला अजून चुटपूट आहे.

बघायच्या जागांची तुझी यादी फार लांब आहे गे. दिवसाला चार-चार. दिल्ली-मुंबईचे पाहुणे एका दिवसात मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवें आणि दूधसागर मागायचे तेव्हा तूच माझ्या शेजारी उभी राहून त्यांना समजावायचीस, आता तेच स्वतःच्या आईवर लादू नकोस. दिवसाला तिकिटाची एकच जागा धर, तीही सकाळी, दुपारी खोलीवर परत, संध्याकाळ मोकळी.

त्यातही जेरोनिमोसचा मठ सोडू नकोस, लिस्बनच्या बेलें भागात, तिथं जायला 15 नंबरची ट्राम. वास्को द गामाची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे. माणूस मेला कोचीत, 1524 मध्ये, आणि पुतळा आपल्या जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर, कमान बघत मोठी झालेली तुझी आई तिथं उभी राहील तेव्हा तिला काय वाटेल ते मला येऊन सांग. 28 नंबरच्या ट्रामचा हट्ट नको, उभं राहायला जागा नसते आणि पाकीटमार त्याच गाडीत असतात. सिंत्राला एक अख्खा दिवस दे पण वरच्या पेना राजवाड्याच्या मागे न लागता गावातलाच जुना राजवाडा बघा, दोन मोठी पांढरी धुरांडी आहेत तो.

आईच्या शाकाहारी जेवणाचं म्हणशील तर काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप दिसेल, त्यात सॉसेजची चकती असते, विचारून घे. बसल्या बसल्या पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतात, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचे. लिस्बनमध्ये मार्तीं मुनीशला भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत, लुमियारला राधाकृष्णाचं देऊळ आहे. बाकी आई बाजारात हरवणार नाही, पाव, बटाटा, चावी, साबण हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आलेत.

व्हिसासाठी हॉटेलं फ्री कॅन्सलवालीच घे, इन्शुरन्स 30,000 युरोचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेमध्ये जायचं तर जानेवारीतच कामाला लाग.

उरलेल्या सात हॉटेलांना आजच मेल टाक आणि जी उत्तरं येतील ती जशीच्या तशी मला पाठव. आणि जेरोनिमोस सोमवारी बंद असतं, तुझ्या तक्त्यात ते सोमवारीच लिहिलेलं आहे, आधी ते बदल.

तुझा,
काका
फोंडा