स्पेक्ट्रम, कमोडोर आणि लेकीची एफडी

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 49, कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरी, हातात महिना 92 हजार, घराचा हप्ता 31 हजार, एसआयपी 12 हजार. 1980च्या दशकातले दोन घरगुती संगणक त्यांनी जपून चालू ठेवले आहेत. आता पुण्यातले एक ज्येष्ठ संग्राहक कायमचे मुलाकडे परदेशी निघालेत आणि आपली तशीच 11 यंत्रं 3 लाख 60 हजारांना एकगठ्ठा द्यायला तयार आहेत. चार स्पेक्ट्रम प्लस, दोन बीबीसी मायक्रो, तीन कमोडोर 64, दोन अमिगा 500. त्यातली सहा चालू, पाच बंद. पंधरा दिवसांत 25 हजार टोकन द्यायचं. पैसा उभा करायचा तो मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडून. मुलगी यंदा दहावीत आहे. ‘या वस्तू आता बनत नाहीत, भाव वाढतच जाणार, मग ही गुंतवणूकच नाही का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्नीचा विरोध आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने कळवलं आहे.

एफडी मोडू नका, हे आधीच सांगून टाकतो. पण यंत्रांचा नाद सोडा, असं मी म्हणणार नाही. शाळांत संगणक नेणाऱ्या ‘क्लास’ या सरकारी योजनेत 1984नंतर देशातल्या काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले, त्यातल्या एका शाळेत मी होतो. काळ्या पडद्यावर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चार ओळी पहिल्यांदा चालल्या तेव्हा काय वाटलं, ते मला अजून आठवतं. आज माझ्या टेबलावरही एक स्पेक्ट्रम प्लस आहे, म्हणून हे पत्र मी दोनदा वाचलं.

आता हिशेब. 3 लाख 60 हजारांवर 7 टक्के व्याज धरलं तर तीन वर्षांनी, म्हणजे मुलीच्या प्रवेशाच्या वेळी, साधारण 4 लाख 43 हजार होतात. करापोटी त्यातून फार तर पंचवीसेक हजार जातील, पण बाकीची रक्कम त्या दिवशी नक्की हातात असेल. आता यंत्रांकडे पाहा. तुमच्याकडच्या दोन यंत्रांवर गेल्या वर्षी दुरुस्तीला 9,200 रुपये गेले, असं तुम्हीच लिहिलंय. यंत्रामागे 4,600. त्याच दराने 11 यंत्रांचे वर्षाला 50,600, तीन वर्षांचे दीड लाखाच्या वर. म्हणजे कर वजा जाता एफडीची बरोबरी करायला हा संग्रह तीन वर्षांनी निदान 5 लाख 70 हजारांच्या आसपास विकला जायला हवा, खरेदीपेक्षा 58 टक्के जास्त भावाने. तोही नेमका प्रवेशाच्या महिन्यात. तुमच्या पुणेकर संग्राहकांनाच आज एकगठ्ठा गिऱ्हाईक शोधावं लागतंय. तीन वर्षांनी तुम्हीही तिथेच उभे असाल, आणि तुम्हाला थांबायला वेळ नसेल.

भाव वाढतच जाणार, याबद्दलही थोडं बोलू. यंत्रांची संख्या घटतेय हे खरंच. स्पेक्ट्रमचं उत्पादन 1992मध्ये थांबलं, कमोडोर कंपनी 1994मध्ये बुडाली. पण भाव मागणीवरही ठरतो, आणि मागणी आहे ती तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांची, लहानपणी या कळांवर बोटं टेकवलेल्यांची. ज्यांना फक्त ते जुने खेळ खेळायचे आहेत त्यांना इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, आणि आता तर कमोडोर 64 आणि स्पेक्ट्रमच्या नव्या प्रतिकृतीही बाजारात आल्यात. पंधरा वर्षांनी मूळ यंत्रासाठी कोण किती मोजेल, यावर मी मुलीची फी लावणार नाही.

खरा विषय देखभालीचा आहे, आणि तुम्ही त्याच खात्यातले असल्यामुळे तुम्हाला तो पटकन पटेल. ही यंत्रं कपाटात नुसती ठेवली तरी बिघडतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझा स्पेक्ट्रम उघडला. कीबोर्डखालच्या मेंब्रेनची, म्हणजे कळांचा दाब टिपणाऱ्या पातळ पडद्याची, पट्टी सॉकेटमधून अलगद काढत होतो, तरी वाळक्या पानासारखी कडकन मोडली. यंत्र आत ठणठणीत, पण पाच-सहा कळा मुक्या झाल्या. नवीन मेंब्रेन परदेशातून मागवला, टपाल आणि ड्युटी धरून अडीच हजारांच्या घरात गेला.

आणि हे सगळ्यात स्वस्त काम. स्पेक्ट्रममध्ये खालच्या 16 किलोबाइट मेमरीच्या चिपांना 5 आणि 12 व्होल्टच्या जोडीला उणे 5 व्होल्टही लागतात. ते बनवणारं छोटं सर्किट गेलं की चिपा एकामागून एक जळतात. कमोडोर 64चा मूळ पॉवर सप्लाय याहून घातकी. त्यातला रेग्युलेटर, म्हणजे विजेचा दाब स्थिर ठेवणारा भाग, म्हातारा झाला की 5 व्होल्टच्या वाटेने जास्त दाब सोडतो आणि मेमरी मारून टाकतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधला फिल्टरचा कपॅसिटर चिरा पडून धूर काढतो. म्हणून पाच बंद यंत्रांना ‘किरकोळ काम’ आहे, हा विक्रेत्यांचा शब्द मी हिशेबात धरणार नाही. ते प्रामाणिकपणेच सांगत असतील, पण उघडून मोजल्याशिवाय ते त्यांनाही कळणार नाही.

यावरून माझं म्हणणं असं की हा छंद घरखर्चाच्या वहीत लिहा, गुंतवणुकीच्या नको. खर्च म्हटलं की किती झेपतं ते दिसतं, आणि मग तो खर्च मनात कसलीही टोचणी न ठेवता करता येतो. तुमच्याकडे महिन्याला सात-आठ हजार उरतात. त्यातले चार हजार छंदाच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला 48 हजार. येणाऱ्या 80 हजारांच्या बोनसमधले निम्मे अडीअडचणीच्या पैशात घाला, कारण तिथे तुमचा जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे आणि मला सहा महिन्यांचा हवा. उरलेल्या 40 हजारांत एक चालू बीबीसी मायक्रो आणि सुट्या भागांसाठी एक बंद स्पेक्ट्रम, एवढं मागून पाहा. तुमचे दोन आणि हा एक अशी तीन चालू यंत्रं सांभाळायला तुमच्याच दराने वर्षाला 13,800 लागतील. खात्यात बाकीचे उरतात, त्यातून पुढचं यंत्र घ्या.

संग्राहकांना संग्रह फोडायचा नसेल, तर तुमच्यासारखे आणखी दोघं शोधा आणि तिघांत वाटून घ्या. व्यवहार बँकेतून करा. प्रत्येक यंत्राचा सीरियल नंबर घातलेली पावती घ्या.

परदेशातून आख्खं यंत्र मागवायचा विचार असेल तर जपून. जुने संगणक आयात धोरणात निर्बंधित गटात आहेत, परवान्याशिवाय पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. करासाठी एवढंच, की स्वतःच्या वापरातली अशी वस्तू विकली तर सहसा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण 11 घेऊन आठ विकायची ठरवलीत तर तो धंदा मानला जाऊ शकतो. तसं करण्याआधी सीएंशी बोला.

विमा मात्र नक्की बघा. साध्या घरविम्यात चाळीस वर्षांच्या संगणकाची किंमत जवळपास शून्य धरली जाऊ शकते. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी आधी ठरवून घेतलेल्या किमतीचं ऐच्छिक कवच आहे. तुमची यंत्रं त्यात बसतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

पत्नीच्या विरोधाबद्दल एक अनुभव सांगतो. माझ्या एका अशिलाकडे जुने रेडिओ होते, वीसेक. ते अशील अचानक वारले. कुठला चालू, कुठला दुर्मीळ, कुणाला विचारायचं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आधी खोली रिकामी करताना सगळे रेडिओ भंगारात किलोवर गेले. मला कळलं तोवर उशीर झाला होता, आणि ते अजून मला लागून आहे. त्यांच्या पत्नींना वस्तूंचा राग नव्हता, त्यांना कुणी त्यात कधी घेतलंच नव्हतं. तेव्हा एक वही करा. यंत्र, घेतल्याची तारीख, किंमत, काय दुरुस्त केलं, विकायचं झालं तर कुणाला फोन करायचा. ती वही पत्नीबरोबर बसून लिहा, आणि छंदाच्या खात्यावर त्यांचंही नाव ठेवा.

टोकन अजून देऊ नका. आधी पुण्याला एक चक्कर मारा, मल्टिमीटर बरोबर न्या. कमोडोरचा सप्लाय यंत्राला जोडण्याआधी 5 व्होल्टची वाट मोजा, काटा वर गेला तर ते यंत्र त्या सप्लायवर कुणालाच चालू करू देऊ नका. बीबीसीमधला तो कपॅसिटर झाकण काढून बघा. काय दिसलं ते मला कळवा, मग बोलीचा आकडा आपण मिळून ठरवू.