ड्राफ्ट केलं आणि पानच गेलं

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. नियमावली सुधारायची म्हणून ते पान 'ड्राफ्ट' केलं, तर सभासदांना पानच दिसेना. काम चालू असताना जुनं पान दिसत ठेवता येईल का?
– एक कार्यवाह, सातारा

उत्तर : कार्यवाह महोदय, 'ड्राफ्ट' ही त्याच पानाची अप्रकाशित अवस्था आहे, वेगळी प्रत नव्हे. म्हणून पान प्रकाशितच राहू द्या. तुम्ही बदल जतन करेपर्यंत वाचकांना जुनाच मजकूर दिसतो. मधलं लिखाण वर्डप्रेस साधारण दर ६० सेकंदांनी आपोआप जपतं खरं, पण प्रत्येक संपादकामागे अशी एकच प्रत असते. आठवडाभराचं काम तिच्या भरवशावर सोडू नका.

समितीत चार जण दुरुस्त्या सुचवणार असतील (आणि वाचनालयाच्या समितीत त्या सुचतातच!) तर मजकुराची नक्कल नव्या ड्राफ्टमध्ये करा. मंजुरी मिळाली की तो मजकूर मूळ पानात चिकटवा. नक्कल प्रकाशित केलीत तर पानाचा पत्ता बदलेल. काही चुकलंच तर 'रिव्हिजन्स'मधून (पानाच्या जपलेल्या जुन्या आवृत्त्यांतून) मागचा मजकूर परत आणता येतो.

ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या प्रणालीत 'कंटेंट मॉडरेशन' ही मजकूर-मंजुरीची सोय सुरू केली की प्रकाशित आवृत्ती न हलवता पुढचा ड्राफ्ट ठेवता येतो. पण एका नियमावलीसाठी अख्खं संकेतस्थळ तिकडे नेण्याचा खटाटोप मी तरी करणार नाही.