युडोरा हा जुना ईमेल प्रोग्राम ओपन सोर्स झाला, म्हणजे त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला झाला, म्हणजे नेमकं काय झालं? त्यातले जुने मेल टिकतील का?

मेल टिकतात, पण घाई करू नका. आधी हे लक्षात घ्या की युडोरा दोनदा ओपन सोर्स झालं. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम पुढे क्वालकॉम या कंपनीकडे गेला. २००६ मध्ये क्वालकॉमने विक्री थांबवायचं ठरवलं आणि थंडरबर्ड या दुसऱ्या, ओपन सोर्स ईमेल प्रोग्रामच्या पायावर नवं, मोफत युडोरा आणायची घोषणा केली. ते २०१० मध्ये आलं खरं, पण आत थंडरबर्डच होतं, म्हणून जुन्या लोकांचं मन त्यात रमलं नाही. मूळ युडोराचा सोर्स कोड खुला झाला तो २०१८ मध्ये, कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत, बीएसडी लायसन्सखाली, म्हणजे कोड कुणालाही वापरायची, बदलायची मुभा देणाऱ्या परवान्याखाली. माझ्या मते खरं मोलाचं काम हेच.

आता तुमचे मेल. युडोराच्या मेलबॉक्स फाइल साध्या मजकुराच्या असतात, एमबॉक्सच्या (एका फाइलमध्ये अनेक मेल एकापाठोपाठ ठेवायच्या पद्धतीच्या) धाटणीच्या, त्यामुळे त्या दुसऱ्या ईमेल प्रोग्राममध्ये नेता (इम्पोर्ट करता) येतात. गोची अटॅचमेंटची आहे. युडोरा ती मेलमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं; मेलमध्ये ‘अटॅचमेंट कन्व्हर्टेड’ अशी ओळ आणि फाइलचा पत्ता एवढंच उरतं. फोल्डर हलवलं की तो दुवा तुटतो. म्हणून इम्पोर्ट करण्याआधी युडोराचं अख्खं फोल्डर, अटॅचमेंटसकट, जसंच्या तसं कॉपी करून बाजूला ठेवाच.