वाचक विचारतात: गॅस भरपूर सोडतोय, तरी टँकची एक बाजू उपाशी

प्रश्न: नमस्कार, माझा ३ फुटी प्लांटेड टँक (झाडं लावलेला माशांचा टँक) आहे, ९० बाय ४५ बाय ४५ सेंमी. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आहे, डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे सोडणारा) डाव्या कोपऱ्यात खाली लावलाय आणि हँगऑन (काचेला टांगायचा) फिल्टर उजवीकडे मागच्या काचेला. डावीकडचा रोटाला (पाण्यातलं रोप) जोरात आहे, दुपारी पानांवर बुडबुडे धरतो, पण उजवीकडच्याचे शेंडे आखडलेत आणि तिथल्याच अनुबियासच्या पानांच्या कडेला काळं केसाळ शेवाळ आलंय. ड्रॉप चेकर (पाण्यात गॅस किती ते रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) तर हिरवा दाखवतोय. दुकानदार म्हणतो बबल वाढवा, वाढवू का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: अजिबात नको! बबल वाढवलेत तर डावीकडच्या माशांना त्रास व्हायला लागेल, वर येऊन धापा टाकतील आणि उजवीकडे फरक पडेल तो नावालाच. ड्रॉप चेकर कुठे चिकटवलाय ते तुम्ही लिहिलं नाहीये पण पैज लावतो, डिफ्यूझरच्या आसपासच असणार. तो जिथे असतो तिथलंच सांगतो. काढा आणि उजव्या टोकाला, झाडांच्या उंचीवर लावा, दोन तास थांबा (त्याला रंग बदलायला तेवढा वेळ लागतोच), बहुतेक निळा, म्हणजे गॅस कमी, झालेला दिसेल. आत नळाचं पाणी भरलं असेल तर त्या रंगाला काही अर्थ नाही बरं का, ४ डीकेएचचं तयार द्रावण मिळतं तेच घाला (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच हे त्याचं माप), मग हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम (दहा लाखात ३० भाग) गॅस.

अजून पक्कं हवं असेल तर पीएच दोन्ही टोकांना मोजा. केएच टँकभर सारखाच असतो त्यामुळे पीएचमधला फरक हा गॅसचाच फरक. समजा केएच ४ आहे, डावीकडे पीएच ६.६ आला तर तिथे ३० पीपीएमच्या आसपास गॅस आहे, आणि उजवीकडे ६.९ आला तर १५च. नुसत्या ०.३ ने निम्मा! सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशनच्या पाण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर केएच दर वेळी वेगळा लागू शकतो, म्हणून आधी तो मोजा.

आता हे का होतं, तर सीओटू पाण्यात आपोआप पसरतो असं आपण धरून चालतो पण पाण्यात तो हवेच्या साधारण दहा हजार पट हळू सरकतो. चहात साखर टाकली आणि ढवळलीच नाही असला प्रकार. शिवाय पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर स्थिर उभा असतो, झाडाने त्यातला गॅस ओढून घेतला की नवीन गॅस येण्यासाठी तो थर हलावा लागतो, म्हणून प्रत्येक झाडाचं पान थोडं तरी डोललंच पाहिजे.

तुमच्याकडे बुडबुडे डाव्या कोपऱ्यातून सरळ वर जाऊन फुटतायत आणि फिल्टरचं पाणी पलीकडच्या टोकाला पडतंय. फिल्टर डावीकडे आणा आणि डाव्याच छोट्या काचेवर, डिफ्यूझरच्या वरच्या अंगाला, एक लहान पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचा, प्रवाह देणारा पंप) उजवीकडे तोंड करून किंचित खाली झुकवून लावा. म्हणजे वर येणारे बुडबुडे तो ढकलत नेतो, पाणी उजव्या काचेवर आपटून खाली वळतं आणि तळावरून परत येतं. दोन प्रवाह समोरासमोर सोडू नका, मधे पाणी थांबतं. ताशी प्रवाह टँकच्या ५ ते १० पट असावा असा ढोबळ हिशोब आहे, तुमचा टँक १८० लिटरचा म्हणजे किमान ९००, आणि फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो हे लक्षात ठेवा, आत स्पंज भरला की बराच उतरतो. रात्री खोलीतला लाइट घालवून बाजूने टॉर्च मारून बघा (गॅस चालू असतानाच), बारीक बुडबुडे कुठपर्यंत पोचतात ते लगेच दिसतं. मधलं मोठं लाकूड किंवा दाट झालेला रोटाला आडवा येत असेल तर आधी कात्री चालवा, नवीन सामान नंतर.

पाण्याची पातळी वर ठेवा, धबधबा उंचावरून पडला की गॅस उडून जातो. पण पृष्ठभाग अगदी शांत नको, माशांना ऑक्सिजन लागतो. गॅस दिव्यांच्या एक-दोन तास आधी सुरू आणि दिवे जाण्याच्या तासभर आधी बंद, सोलेनॉइड (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) टायमरवर टाका. सोलेनॉइड नसेल तर लाइट गेली की फिल्टर थांबतो आणि गॅस मात्र चालूच राहतो, तेव्हा कुणीतरी घरी असून व्हॉल्व्ह बंद केलेला बरा.

प्रश्न: साखर-यीस्टच्या बाटलीला सिरॅमिक डिफ्यूझर जोडलाय, बुडबुडेच येत नाहीत. (एक वाचक, हडपसर)

उत्तर: सिरॅमिक चकतीला चांगला दाब लागतो, बाटलीचा पुरत नाही. नळी छोट्या इंटर्नल फिल्टरच्या तोंडाशी धरा, आतला पंखाच बुडबुडे बारीक करून पाण्यात फेकतो. बाटली रात्री बंद होत नाही म्हणून रात्री एअर पंप लावा. उन्हाळ्यात यीस्ट फारच जोर धरतं, तेव्हा साखर भरपूर असली तरी यीस्ट चिमूटभरच.