पहिल्या पायपिटीला पांदणच बरी

भाऊ, विदर्भात पायी भटकायचं तर सुरुवात थेट जंगलातून नको. गावाजवळची पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट धरा, जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात काळी माती बुटाला थरावर थर चिकटते, पाय उचलवत नाही. झड थांबल्यावर दोन-तीन दिवस ऊन पडू द्या, मगच निघा.

दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं छळतात. जाळीचे बूट अन् लोकरी मोजे नकोच. कुसळाला उलटे काटे असतात, मागे ओढलं तर जास्तच रुततं. टोकाच्या दिशेनं पुढे काढा. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून सोडली की निम्मा त्रास वाचतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात अन् ती खायला अस्वलंही येतात. पहाटे नि तिन्हीसांजेला जंगलाकडची वाट टाळा. ऊन वर आल्यावर निघा, दहाच्या आत परता. माणशी दोन लिटर पाणी. आग्या मोहोळाखाली बिडी, अत्तर, आरडाओरडा नको.

ताडोबा, मेळघाटात परवानगीशिवाय पायी शिरायचं नाही. इतरत्र आधी गुराख्याला विचारा. तो नको म्हणाला तर वाद न घालता माघारी फिरा.