प्लेटवर 14.5 अँपियर, मग रिले 8.4 वर कसा?

प्रश्न : विहिरीवर 10 एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे, प्लेटवर 415 व्होल्ट आणि 14.5 अँपियर लिहिलंय. वायरमनने स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणारा) बसवला आणि ओव्हरलोड रिले (करंट लावलेल्या आकड्यापुढे गेला की मोटर बंद करणारा) 8.4 वर लावला. शेजारी म्हणतात चुकलंय, प्लेटवरचा आकडाच लाव. टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) पण एका वायरवर 13 दाखवतो, दुसऱ्या वायरवर साडेसात. खरं काय धरायचं?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : वायरमनचं बरोबर दिसतंय, डायलला हात लावू नका. तुम्ही 13 मोजले ते बहुतेक मेन स्विचकडून येणाऱ्या वायरवर आणि साडेसात मोजले ते मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी एकीवर. डेल्टामध्ये मोटर चालू असताना लाइनचा, म्हणजे मेनकडून येणारा करंट दोन वायंडिंगमध्ये (मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळ्यांमध्ये) वाटला जातो, आणि ही वाटणी सरळ निम्मी नसते, 1.73 ने भागायचं, म्हणून 13 चे साडेसात. प्लेटवरचे 14.5 हे लाइनचे, बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मात्र वायंडिंगच्या बाजूला असतो, म्हणून 14.5 ला 0.58 ने गुणून (म्हणजेच 1.73 ने भागून) 8.4. तिथे 14.5 लावलात तर लाइनला 25 अँपियर होईपर्यंत रिले गप्प बसणार, तोवर वायंडिंगचा धूर निघालेला असेल. रिले येणाऱ्या लाइनवरच असेल, किंवा शेजाऱ्यांचा स्टार्टर डीओएल (मोटर डायरेक्ट लाइनवर चालू करणारा) असेल, तर प्लेटवरचाच आकडा लावायचा. तेव्हा भांडायच्या आधी रिले कुठे जोडलाय ते वायरमनकडून बघून घ्या.

आणि 14.5 म्हणजे मोटर कायम तेवढेच ओढते असं नाही हो, तो फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण व्होल्टेजला शाफ्टवर पूर्ण 10 एचपी काम चाललं असताना जेवढा लागतो तेवढा. एचपी हा शाफ्टवर मिळणारा जोर, साडेसात किलोवॅट धरा, लाइनमधून त्यापेक्षा जास्तच ओढली जाते कारण काही वीज मोटरमध्ये उष्णता होऊन जाते. चालू करतानाचा करंट तर वेगळाच, डायरेक्ट लावली तर साधारण सहापट, म्हणजे 85-90 अँपियर, स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा. हा झटका काही सेकंदांचा असतो आणि रिले तापून मगच पडतो, म्हणून तेवढ्याने ट्रिप होत नाही.

प्रश्न : रात्री व्होल्टेज 350 वर येतं आणि मोटर सारखी ट्रिप होते. रिले थोडा वाढवला तर चालेल का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : नाही चालणार. पाणी तेवढंच उचलायचंय आणि व्होल्टेज कमी, मग मोटर करंट जास्त ओढते, 14 ओढणारी साडेसोळापर्यंत जाते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हे दोन-अडीच अँपियर किरकोळ वाटले तरी उष्णता जवळजवळ 40 टक्के वाढलेली असते. रिले ट्रिप होतोय म्हणजे त्याचं काम करतोय, रिवाइंडिंगचं बिल त्यापेक्षा महाग पडेल. एक फेज गेला तर उरलेल्या दोन वायरींवर करंट आणखी चढतो, त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारा) वेगळा बसवाच.

प्रश्न : पावसाळ्यात विहीर भरली की पाणी वर असतं, मग मोटरला काम कमी पडायला पाहिजे, तरी करंट जास्त का दाखवतो?

उत्तर : साध्या सेंट्रिफ्युगल पंपात असं होतं. उचलायची उंची कमी झाली की पंप पाणी जास्त फेकतो आणि त्यातच मोटरवर लोड वाढतो. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून बघा, करंट उतरेल. बऱ्याच पंपांच्या प्लेटवर हेड रेंज (पाणी किती ते किती उंचीपर्यंत उचलायचं) आणि मॅक्स करंट असे आकडे असतात ते यासाठीच, पंप त्या रेंजच्या बाहेर चालवू नये. उलट विहीर आटून पंप कोरडा फिरला तर करंट एकदम खाली येतो, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला काही कळतच नाही, तिथे ड्राय रनचं प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.