गोव्याचा आग्वाद किल्ला कोणी आणि कशासाठी बांधला?

पोर्तुगिजांनी. काम 1612 मध्ये पूर्ण झालं आणि कारण होतं डच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच जहाजं मांडवीच्या मुखाशी येऊन थेट राजधानीलाच धोका देऊ लागली होती. तेव्हाची राजधानी, म्हणजे आजचं जुने गोवे, याच नदीच्या काठावर आत होती. मुख सुरक्षित, तर राजधानी सुरक्षित. उत्तर तीरावर आत रेईश मागूश, समोर दक्षिणेला काबो (आज तिथे राज्यपालांचं निवासस्थान आहे), आणि सर्वांत पुढे समुद्रात घुसलेलं आग्वादचं टोक, अशी ही किल्ल्यांची साखळी होती.

नावातच किल्ल्याचं दुसरं काम आहे. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली जहाजं इथल्या गोड्या झऱ्यांवर पाणी भरून घेत. वरच्या कोटातलं भूमिगत टाकं सुमारे 23 लाख 76 हजार गॅलनचं आहे. लोक दीपस्तंभाचा (1864) फोटो काढून परततात, पण माझ्या मते खरं पाहण्यासारखं हे टाकंच आहे.

1739 मध्ये मराठ्यांनी बारदेश (आग्वादच्या भोवतालचा तालुका) घेतला, तरी आग्वाद आणि रेईश मागूश त्यांच्या हाती आले नाहीत.

खालच्या कोटात पुढे तुरुंग झाला. गोवा मुक्तिलढ्यातले कितीतरी सत्याग्रही तिथे डांबले गेले, डॉ. राममनोहर लोहियाही. आता तिथे संग्रहालय आहे. जाल तेव्हा त्या कोठड्या चुकवू नका.